टॉनिकवाल्या महाशयांस : आमची भीती विकणे बंद करा

प्रति,
लहान मुलांच्या टॉनिकची आणि व्हिटॅमिन गमीची जाहिरात रचणारे महाशय,

विषय : बाळाला व्हिटॅमिन कधी सुरू करायचे, या प्रश्नाचे तुम्ही गावभर पसरवलेले खोटे उत्तर.

महाशय,

‘सप्रेम नमस्कार’ लिहावा इतका आदर मनात नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते. तुमच्या जाहिरातीतली आई नेहमी खजील असते. तिचा मुलगा शर्यतीत मागे पडतो, वर्गाच्या फोटोत बुटका दिसतो, ताटातले अर्धे जेवण टाकून उठतो. मग पांढरा कोट घातलेला एक नट येतो, बाटली पुढे करतो, आणि पुढच्याच दृश्यात तोच मुलगा सगळ्यांत उंच उडी मारतो. आईच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा पुसला जातो. तो अपराधीपणा तिच्या चेहऱ्यावर आधी तुम्हीच फासलेला असतो, याची तुम्हाला लाज वाटायला हवी.

तुम्ही आईला नेमके कधी गाठता, हेही आता लक्षात आले आहे. बाळाचा पहिला वाढदिवस होतो आणि घराघरांत एकच वाक्य सुरू होते : ‘खातच नाही हो!’ आजी म्हणते, खाल्लेले अंगाला लागत नाही. शेजारीण म्हणते, आमच्याला अमुक टॉनिक दिले आणि महिन्यात गाल भरले. या वयात बाळाची भूक कमी का होते, ते तुम्हाला ठाऊक असणारच, कारण तुमच्या पदरी डॉक्टर आहेत. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या तिप्पट होते आणि लांबी सुमारे २५ सेंटिमीटरने वाढते. दुसऱ्या वर्षात तीच वाढ निम्म्यावर, म्हणजे १२ सेंटिमीटरच्या आसपास येते आणि वजन वर्षभरात दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग उतरला की भूक उतरणारच. निसर्गाची ही साधी चाल आहे. ती तुम्ही रोग म्हणून रंगवली आणि त्या रोगावर स्ट्रॉबेरीच्या चवीचे औषध काढले.

मूल खरेच मागे पडते आहे का, हे पाहायचे साधन प्रत्येक आईला फुकट मिळते. माता व बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख असतो, अंगणवाडीत वजनकाटा असतो. रेषा आपल्या वाटेने वर चढत असेल, तर ताटात घास उरला म्हणून बाटली उघडायचे कारण नाही. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर डॉक्टरांकडे जायचे. भुकेच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही सिरपांत सायप्रोहेप्टाडिन असते. ते मुळात अ‍ॅलर्जीवरचे औषध आहे आणि त्याने मुलाला गुंगी येते. किती आयांना हे ठाऊक आहे? तुम्ही कधी मोठ्या अक्षरांत सांगितलेत?

तुम्ही म्हणाल, बाई, मग व्हिटॅमिन द्यायचेच नाही का? द्यायचे. या प्रश्नाचे खरे उत्तर बालवैद्यकाने आणि सरकारी कार्यक्रमांनी कधीच देऊन ठेवले आहे. प्रत्येक जीवनसत्त्वाला त्याचे कारण आहे, आणि जिथे कारण सगळ्या बाळांना सारखे लागू आहे तिथे तारीखही ठरलेली आहे. तुम्ही ती कारणे झाकलीत आणि ‘वाढत्या वयासाठी’ असा गोळाबेरीज शब्द बाटलीवर छापलात. तुम्ही झाकलेले मी इथे उघडून लिहिते.

पहिले ‘के’. ते जन्मताच द्यायचे. आईच्या पोटात असताना ते बाळाकडे फार कमी पोहोचते, दुधातही थोडेच असते आणि ते तयार करणारे आतड्यातले जिवाणू अजून वस्तीला आलेले नसतात. ते कमी पडले तर रक्त गोठत नाही आणि पहिल्या काही महिन्यांत अचानक मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जन्मानंतर लगेच मांडीत १ मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन देतात. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. घरी बाटली आणायची गरजच उरत नाही.

दुसरे ‘ड’. ते पहिल्या काही दिवसांतच सुरू करायचे आणि निदान वर्षभर चालू ठेवायचे, रोज ४०० युनिट. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे हेच सांगणे आहे. आईचे दूध सगळ्यांत उत्तम असले, तरी त्यात ‘ड’ फारच कमी असते. आपल्याकडे ऊन भरपूर, मग कमतरता कशी, असे पुष्कळ जण विचारतात. सकाळच्या ज्या कोवळ्या उन्हात आपण बाळाला धरतो, त्यात त्वचेला ‘ड’ तयार करायला लागणारे किरण जवळजवळ नसतात. ते किरण मिळतात भर दुपारच्या आसपास, आणि त्या उन्हात तान्ह्या बाळाला कोणी नेणार नाही, नेऊही नये. म्हणून थेंब. केवळ आईचे दूध पाजायच्या सहा महिन्यांतही हे थेंब चालतात, त्याने नियम मोडत नाही. आपल्या घरांत मात्र गुटी उगाळून चाटवली जाते आणि ‘ड’चे थेंब ‘उष्ण पडतील’ म्हणून कपाटात राहतात. तुमच्या जाहिरातीला एवढे पैसे आहेत, तर त्यातला एक सेकंद या गैरसमजावर का नाही खर्च केलात?

तिसरे लोह. ते जीवनसत्त्व नाही, खनिज आहे, पण सगळ्यांत मोठी लढाई तिथेच आहे. पुऱ्या दिवसांचे बाळ जन्मताना सुमारे सहा महिन्यांचा साठा घेऊन येते. तो संपला की लोह अन्नातून यायला हवे, आणि आपल्या वरणभाताच्या पहिल्या घासात ते पुरेसे नसते. २०१८च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप ठरवले आहे. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते. ते आशाताई घरी आणून देतात, पैसे पडत नाहीत. दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला लोह आणखी लवकर लागते आणि ते कधी, किती, हे त्याचे डॉक्टर ठरवतात.

आता आकडा ऐका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. तुमच्या बाटल्यांचा खप वाढत असताना आमच्या मुलांचे रक्त कमी होत गेले. त्याचे सगळे पाप तुमच्या माथी मारणार नाही. पण तुमच्या अस्वलाच्या आकाराच्या गोड गमीत बहुतेक वेळा लोह नसतेच, आणि ती चघळणाऱ्या मुलाच्या आईला मात्र वाटते की मुलाला सगळे मिळाले. हे खोटे समाधान तुम्ही विकता, आणि माझा सगळ्यांत मोठा राग याच गोष्टीवर आहे. रक्तक्षय झालेल्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅमच्या आसपास लोह काही महिने द्यावे लागते. तिथे तुमची गमी कुठे पुरणार?

सरकारी सिरप घरात पडून राहते, हेही खरे आहे. मुलाला काळी शी होते, आई घाबरते आणि बाटली बंद करते. लोहाने शी काळी होतेच, त्यात धोका नाही, हे एक वाक्य कोणी समजावून सांगितले तर बाटली संपेल. सिरप दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नये, लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर द्यावे, हे दुसरे वाक्य. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पाजले तर मूल जेवत नाही आणि रक्तही घटते, हे तिसरे. ही तीन वाक्ये छापायला तुमच्या खोक्यावर जागा भरपूर आहे.

चौथे ‘अ’. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर पहिला डोस, १ लाख युनिट. दुसरा १६ ते १८ महिन्यांत, २ लाख. मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. एकूण नऊ डोस, उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत, फुकट. या जीवनसत्त्वाअभावी येणारे अंधत्व टाळण्यासाठी १९७० मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. ‘अ’ यकृतात साठून राहते, म्हणून तर सहा महिन्यांचे अंतर. आई तेही देते आणि वर रोज तुमची ‘अ’युक्त गमीही देते, तेव्हा बेरीज कोण करते? तुम्ही तर नाहीच.

पाचवे ‘बी-१२’, आणि त्याची सुरुवात बाळाच्या आधी आईपासून होते. ते मिळते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवतींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि त्यांच्यात या जीवनसत्त्वाची कमतरता किती पसरली आहे ते दाखवले. आईच्या अंगातच नसेल, तर दुधात कुठून येणार? मग गुटगुटीत दिसणारे बाळ हळूहळू मलूल होते, बोटांचे सांधे काळवंडतात, ओळखीचे हसू थांबते, शिकलेले बसणे विसरते, हातपाय थरथरू लागतात. वेळेत ओळखले तर औषधाने बाळ झपाट्याने सुधारते, आणि उशीर झाला तर मेंदूचे नुकसान मागे राहते. अशा बाळाची आई आधी औषधाच्या दुकानात जाऊन तुमची बाटली आणते आणि हातातले आठवडे निघून जातात. त्या आठवड्यांची किंमत कोणत्या खोक्यावर छापणार?

हे झाले कमी पडण्याचे. जास्तीचेही नुकसान आहे, आणि ‘व्हिटॅमिनच तर आहे, अपाय काय होणार’ हे तुमच्या धंद्याने रुजवलेले सगळ्यांत घातक वाक्य. ‘ड’चे थेंब बाजारात एका मिलिलिटरला ४०० युनिटचेही मिळतात आणि ८०० युनिटचेही. बाटली बदलली आणि माप तेच राहिले, की डोस दुप्पट. ६० हजार युनिटची पुडी उपचारासाठी ठरावीक अंतराने द्यायची असते. ती समजुतीच्या घोळाने रोज दिली, तर रक्तात कॅल्शियम चढते, उलट्या होतात, शी घट्ट होते, मूत्रपिंडात चुना साठतो. लोहाच्या गोळ्या मोठ्या माणसांच्या असोत की मुलांच्या, चिमुकल्याने मूठभर गिळल्या तर जिवावर बेतते. आणि तुम्ही औषधाला चॉकलेटचा वास, अस्वलाचा आकार आणि कार्टूनचा चेहरा दिलात! दोन वर्षांच्या मुलाला खाऊ आणि औषध यांतला फरक कोण शिकवणार? थॅलेसेमियाच्या मुलाचाही चेहरा पांढराच दिसतो, आणि त्याला डॉक्टरांना न विचारता लोह देणे धोक्याचे असते. चेहरा पाहून बाटली निवडायची सवय तुम्ही लावलीत.

कायद्याच्या फटीतून तुम्ही कसे निसटता, तेही पाहिले आहे. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत माणसाची उंची हा विषय स्पष्ट आहे. उंची वाढवतो म्हणून औषधाची जाहिरात करता येत नाही. मग तुम्ही औषधाला अन्न म्हणता. अन्नाच्या नियमाप्रमाणे पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. ते तुम्ही मागच्या बाजूला छापता आणि पुढे डॉक्टरच्या वेशातला नट उभा करता. पुढची बाजू खरी की मागची, हे एकदा ठरवा.

ज्या घरात महिन्याचा हिशेब दूधवाल्यापासून सुरू होतो, त्या घरातली आई टॉनिकसाठी अंड्यांचे पैसे बाजूला काढते. २०१९-२१च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा आहार मिळत होता. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम असते. शेवग्याचा पाला कुंपणावर असतो, लाल भोपळा, गाजर, हिरवा मूग, अंडे, बोंबील, सुकट आमच्या बाजारात असतात. सहा महिने पूर्ण झाले की हे मऊ शिजवून, कुस्करून, वर चमचाभर तूप घालून बाळाला द्यायचे असते. तिथे खर्च व्हायचा पैसा तुम्ही रंगीत साखरेच्या पाण्याकडे वळवलात.

माझ्या मागण्या चार आहेत. बाटलीवर वयाआधी कारण छापा : कोणत्या मुलाला, कोणत्या कमतरतेसाठी. एका मापात काय आणि किती आहे ते मराठीत, पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. औषधाला खाऊचे रूप देणे थांबवा आणि मुलाला उघडता येणार नाही असे झाकण लावा. आणि जाहिरातीतल्या त्या आईला खजील करणे बंद करा.

तुम्ही हे कराल असा विश्वास नाही, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे. वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला, आजीआजोबांना माझे सांगणे एवढेच : जन्मताच के, पहिल्या दिवसांपासून ड, सहा महिने पूर्ण झाले की लोह, नऊ महिने पूर्ण झाले की अ, आणि आईची बी-१२ची तपासणी बाळ पोटात असतानाच. यापलीकडचे काही कोणी सुचवले, तर बाटली हातात घेण्याआधी विचारा : माझ्या मुलात काय कमी आहे, आणि ते तुम्ही कशावरून ठरवले? उत्तर देता आले नाही, तर बाटली दुकानातच राहू द्या.

तुमच्या जाहिरातीला न भुललेली,
एक आई