संस्था रीतसर बंद करण्याचा सोपा मार्ग

संस्था बुडवायची कशी, हे इथे शिकवलेलं नाही. त्याला मार्गदर्शन लागत नाही, कार्यकारिणी पुरते. इथे ती कायद्याने, रीतसर बंद करायची आहे. हा विषय नवशिक्यांचाच, कारण हे एकदा केलेला माणूस पुन्हा कुठल्या संस्थेच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

साहित्य : नोंदणीचा दाखला, घटना व नियमावली, सभासदांचं रजिस्टर, प्रोसिडिंग बुक, ऑडिट रिपोर्ट, एक वकील. वकील शेवटी लिहिला असला तरी आधी लागतो. प्रोसिडिंग बुक माजी सेक्रेटरींच्या घरी असतं आणि माजी सेक्रेटरींशी आपलं बोलणं नसतं. सुरुवात तिथूनच करा.

संस्था काढताना सात जण पुरले होते; १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याने तेवढेच मागितले. बंद करताना त्याच कायद्याचं कलम १३ तीन पंचमांश सभासदांचा होकार मागतं, तोही खास त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत. सातांचे तीन पंचमांश म्हणजे चार पूर्णांक दोन. सभासद दशांशात हात वर करत नाहीत, म्हणून पाच धरा. नोटिशीच्या तळाला आपण सवयीने टीप घालतो, की गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. या एका टिपेवर कितीतरी संस्था वर्षानुवर्षं चालल्या. इथे ती फुकट आहे. अर्धा तास चहा पिऊन परत आलात तरी पाच ते पाचच.

आता सभासद कोण? कलम १५ म्हणतं, वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल तर त्या माणसाला मत नाही, त्याला सभासदांत मोजायचंही नाही. हे वाचताच नवशिक्याचे डोळे चमकतात : विरोधी गटाने तर दमडी भरलेली नाही! जरा दमानं. अध्यक्षांनीही भरलेली नाही. तुम्हीही नाही. आधी स्वतःच्या नावाची पावती फाडा, मग लोकांचा हिशेब काढा. आजीव सभासद मात्र कधीच थकत नाहीत. कुठल्याशा वर्धापनदिनाच्या उत्साहात एकरकमी पैसे भरून ते निघून गेले. काही पुण्याला, काही अमेरिकेला, काही त्याहून लांब. जे त्याहून लांब गेले, त्यांची नावं कमी करायला मृत्यूचे दाखले गोळा करा. सांत्वनाला न गेलेल्या घरी दाखला मागायला जाणं हा या प्रक्रियेतला सर्वांत अवघड भाग; त्याला कायद्यात कलम नाही.

हे जमलं, की धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे संस्थेच्या तिथल्या नोंदीचा, उतारा काढा. आपल्या राज्यात धर्मादाय हेतूची नोंदणीकृत संस्था ही १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली न्यासही असते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, असं त्याचं कलम २२ सांगतं. उताऱ्यावर तुमचं नाव नसेल. तिथे ते अध्यक्ष असतील ज्यांचा फोटो हार घालून कार्यालयात टांगलेला आहे. म्हणजे संस्था बंद करण्याचा ठराव तुम्ही कोण म्हणून मांडणार? आता मधल्या प्रत्येक निवडणुकीचा चेंज रिपोर्ट, प्रत्येकाला विलंब माफीचा अर्ज, जोडीला राहिलेली ऑडिटं. संस्था संपवायची तर आधी ती इतकी वर्षं धडधाकट होती, हे कागदावर उभं करावं लागतं. या कामात संस्थेची इतकी व्यवस्था लागते, की दोघेतिघे म्हणू लागतात, आता चालूच ठेवू या की. त्यांना सभेपर्यंत घराबाहेर पडू देऊ नका.

ठराव झाला की मालमत्ता. १८६०च्या कायद्याचं कलम १४ स्पष्ट आहे : देणी भागवून जे उरेल ते कुणाही सभासदाला मिळणार नाही, दुसऱ्या संस्थेला जाईल. हे सभेत वाचून दाखवा. निम्मा उत्साह तिथेच मावळतो. जागा असेल तर ती दान करायलाही १९५०च्या कायद्याच्या कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी हवी.

भांडण झालं तर कोर्ट. खरं म्हणजे झाल्यावर. संस्थेची मुख्य इमारत ज्या जिल्ह्यात, तिथलं मुख्य दिवाणी न्यायालय. मुख्य इमारत म्हणजे सेक्रेटरींची पडवी की वाचनालयाचा गाळा, यावर दोन तारखा जातात. मग समोरचे वकील १९५०च्या कायद्याचं कलम ८० काढतात : जे धर्मादाय अधिकाऱ्यांनी ठरवायचं, त्यात दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. त्या एका मुद्द्यावर संस्थेचं आणखी एक वर्ष सुखाने जातं.

मूळ हेतूच संपला असेल तर वाट वेगळी. देवीच्या रोग्यांसाठी काढलेला फंड घ्या. देवीचं जगातून उच्चाटन झाल्याचं १९८०मध्येच जाहीर झालं, पण फंडाला ते कुणी कळवलेलं नसतं. अशा वेळी १९५०च्याच कायद्याच्या कलम ५५खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना कोर्टात जायला सांगतात : मुंबईत शहर दिवाणी न्यायालय, बाहेर जिल्हा न्यायालय. कोर्ट मग मूळ हेतूच्या जवळात जवळ जाणारं काम पाहून पैसा तिकडे वळवतं. म्हणजे पैसा मरत नाही, त्याची बदली होते. २०१७च्या दुरुस्तीने नोंदणीच रद्द करून घेण्याचीही सोय केली. दिसायला सोपी, पण चौकशी होतेच, शिवाय आयुक्त मालमत्ता ताब्यात घेऊन विकू शकतात आणि रक्कम त्यांच्या प्रशासन निधीत जमा होऊ शकते. आपल्या गावच्या कपाटांवर जीव असेल तर विचार करा.

प्राप्तिकराची सवलत घेतलेली असेल तर विसर्जनाचा महिना संपल्यापासून १२ महिन्यांत सगळं दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या हवाली करा, नाहीतर उरलेल्या मालमत्तेवर सर्वोच्च दराने कर बसतो. घेणारी संस्था शोधणं सोपं आहे. टेबलं-खुर्च्या कुणाला नको असतात? फक्त तिच्या अध्यक्षांचं नाव शेड्यूल वनवर चढलंय का, तेवढं आधी विचारून घ्या.