आतोबांची कवळी

पन्हाळ्यावर घर असलेल्या माणसाला नातेवाईक कमी पडत नाहीत. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, उंची तीन हजार फुटांच्या वर, उन्हाळ्यात वारा, पावसाळ्यात धुकं आणि राहणं फुकट. एवढ्या भांडवलावर आजोबांनी बांधलेल्या आमच्या घराला मुंबईपासून बेळगावपर्यंत वारसदार आहेत. लोक महाबळेश्वरला हॉटेलात उतरतात, पन्हाळ्याला मात्र ‘आपल्याच माणसांकडे’ येतात.

घरात पाहुण्यांची कामं वाटून दिलेली आहेत. रांधणं हिच्याकडे, देवाधर्माचं आईकडे आणि गड दाखवणं माझ्याकडे, कारण बाकी कशालाच माझा उपयोग नाही हे दोघींनी एकमताने ठरवलेलं आहे. सज्जा कोठी मी पाहुण्यांशिवाय कधी पाहिलेली नाही. “गडावर राहता, म्हणजे दमसास चांगला असणार तुमचा!” असं प्रत्येक पाहुणा पहिल्या चढालाच म्हणतो. तोवर उत्तर द्यायला माझ्यात दम उरलेला नसतो. मी नुसती मान हलवतो आणि लोक त्याला विनय समजतात.

तर २०२५ चा भाद्रपद. आत्या दरवर्षी गौरीला माहेरी येते. डोंबिवलीत तिचा जन्म गेला, पण गडाचा नाका ओलांडला की तासाभरात “व्हय की, न्हाई की” सुरू. आतोबा सहसा येत नाहीत. या वेळी आले. कारण जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यात पन्हाळा आहे, हे आतोबांनी पेपरात वाचलं, कात्रण कापलं आणि ते पाकिटात घालून आले.

“बाळू, नशीबवान रे तुम्ही! जागतिक वारशात राहता!” एसटीच्या पायरीवरूनच ते ओरडले.

त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात गळतीखाली दोन पातेली आणि एक परात लावलेली होती. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरांत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी, आणि साधी दुरुस्ती म्हटली तरी अर्ज. कायदा गडाच्या भल्यासाठी आहे, तो नसता तर इथे तटावर लॉज उभे राहिले असते, हे मलाही कळतं. पण ज्याने पंगतीत एका हाताने आमटी वाढत दुसऱ्या हाताने छत्री धरलीय, त्याच्यासमोर वारशाचं कौतुक जरा बेतानं करावं.

आतोबा दोन दिवसांसाठी आले होते. चौथ्या दिवशीही ते अंगणात खुर्ची टाकून बसलेले बघून मला सिद्दी जौहर आठवला. मार्च १६६० मध्ये त्याने पन्हाळ्याला वेढा घातला, तो भर पावसाळ्यातही उठला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. पण सिद्दी निदान तटाच्या बाहेर होता. त्याला सकाळी साडेसहाला बिनसाखरेचा चहा द्यावा लागत नव्हता.

गौरी यायच्या दिवशी तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे तेरड्याची गौर. पोरीबाळी पाणवठ्यावर जाऊन ती घेऊन येतात, आल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, मागोमाग शंकरोबा. म्हणजे जावईमाणूस देवालासुद्धा चुकत नाही. आई भाकऱ्या थापत होती, ही भाजी निवडत होती, आत्या दोघींना सूचना देत होती, आणि आतोबा दारात उभे राहून, अफझलखानानंतर अठरा दिवसांत महाराजांनी पन्हाळा घेतला तो २८ नोव्हेंबर १६५९, असं सगळ्यांना सांगत होते.

“ह्यांना घेऊन जावा बघू कुठंतरी,” ही पातेल्यात बघत म्हणाली. “आणि तुम्हीबी जावा.”

आम्ही निघालो. रविवार होता आणि धुकं असं की चालताना स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या. सज्जा कोठीवर उभं राहून मी म्हणालो, “एरवी इथनं जोतिबाचा डोंगर दिसतो.” समोर पांढरं. “सुंदर!” आतोबा म्हणाले. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या तीन कोठारांपैकी आम्ही एकाला दोनदा बघितलं असावं. तीन दरवाजाच्या कोरीवकामाला आतोबांनी हात लावला, तो ओला झाला, तो त्यांनी माझ्या शर्टाला पुसला. मग अंधारबाव.

अंधारबाव ही विहीर आहे यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. वरून बघितलं तर काळ्या दगडाची भक्कम इमारत. तीन मजली, विहीर तळाशी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायला चोरवाट. “शत्रू पहिला हल्ला पाण्यावर करतो,” आतोबा पायऱ्या उतरता उतरता सांगत होते, “विष कालवलं की गड खलास! म्हणून विहीर अशी पोटात लपवली. या पाण्यात बाहेरची वस्तू पडणं शक्य नाही, बाळू. हे खरं स्थापत्य!”

आणि ते पाण्यावर वाकले, आवाज घुमतो का बघायला त्यांनी पोटातून “ओऽऽऽ” केलं, आवाज घुमला आणि त्याच्यामागून वरची कवळी बाहेर पडली.

डुबुक.

एवढा छोटा आवाज. हिरव्या पाण्यावर एक वर्तुळ उठलं, मोठं होत भिंतीला टेकलं आणि मिटलं. आतोबांनी तोंडावर हात ठेवला. “बाऊ,” ते म्हणाले, “हाह फहले.”

इथे मोरोपंतांची आठवण होणं प्राप्तच आहे. ते १७२९ साली याच पन्हाळ्यावर जन्मले. त्यांनी रामायणं शंभरावर लिहिली, त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. प-फ-ब-भ-म वर्ज्य, सगळं वाचून झालं तरी ओठाला ओठ लागत नाही. एवढ्या प्रतिभेच्या कवीलाही कष्ट पडले असतील. आतोबांनी त-थ-द-ध वर्ज्य करून मला जे जे सुनावलं, ते मात्र विनासायास आणि एका दमात होतं.

बाहेर झुणका-भाकरीवाल्या मावशी होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकून शेजारच्या कणीसवाल्याला हाक मारली. कणीसवाल्याने पुतण्याला बोलावलं. पुतण्या गळ घेऊन आला आणि गंभीरपणे विचारता झाला, “गळाला काय लावू?”

यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं लोहचुंबक सोडा. आतोबांनी खुणेने सांगितलं, कवळी प्लास्टिकची. कुणी म्हणालं चाळण दोरीला बांधा. मावशींनी पिठाची चाळण द्यायला साफ नकार दिला. तेवढ्यात इचलकरंजीची एक सहल आली, त्यातल्या एकाने विचारलं, “काय पडलंय?” आणि मी लाजेकाजेखातर म्हणालो, “घरातली जुनी वस्तू आहे.”

गडावर एवढं वाक्य पुरतं. पाच मिनिटांत विहिरीभोवती साठ-सत्तर माणसं. ‘जुनी वस्तू’चा बाहेरच्या गाड्यांपर्यंत ‘डबा’ झाला, चहाच्या टपरीवर ‘हंडा’, आणि आमच्या गल्लीत पोचेपर्यंत डोंबिवलीच्या जावयाला अंधारबावीत खजिना सापडला होता. पुतण्याच्या गळाला एकदा काहीतरी जड लागलं. सगळ्यांनी श्वास रोखला. चप्पल निघाली. डाव्या पायाची.

मग रखवालदार आला.

“संरक्षित स्मारकात वस्तू टाकायला बंदी आहे,” तो म्हणाला.

“टाकली नाही ओ, पडली.”

“काय पडलं?”

मी त्याच्या कानात सांगितलं. त्याने आतोबांकडे बघितलं. आतोबांनी, आता लपवण्यासारखं काही नव्हतं, हात बाजूला करून दाखवलं. तो बिचारा विरघळला. “बघा साहेब,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही गेलासा की उद्या मी बघतो. पण हितं आत उतरायचं, गाळ उपसायचा म्हटलं तर परवानगी लागंल. अर्ज करा. अर्जात वस्तूचं नाव लिहायला लागंल.”

आतोबांनी अर्जात लिहिण्याचा मजकूर क्षणभर मनात वाचून बघितला असावा. ते वळले आणि पायऱ्या चढू लागले.

परतताना ते एकही तारीख बोलले नाहीत. धुक्यात मला नुसती त्यांची काठी ऐकू येत होती. आतोबांना एवढं म्हातारं मी कधी बघितलं नव्हतं. खजिना बघायला निघालेली आमच्या गल्लीतली पोरं वाटेत आडवी आली, त्यांना मी दरडावून माघारी पाठवलं आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला. एकदम गार हात. चढ संपल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही.

घरी आत्याने नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “गेली व्हय? बरं झालं. देवानं दोन दिस तरी तोंड बंद ठेवलं.” आई पदराआड हसली. घरच्या जावयाला हसायचं नसतं, म्हणून ही मागच्या दारी जाऊन हसली.

दुसऱ्या दिवशी पंगतीला पुरणपोळी. बायका झिम्म्याचे बेत करत होत्या, पोरं शंकरोबाभोवती गोंगाट करत होती. त्या गर्दीत आत्या आतोबांच्या पाटाशेजारी बसली, पोळी वाटीत घेतली, कडा काढून स्वतःच्या ताटात टाकल्या, मधला मऊ भाग गरम दुधात पाच बोटांनी कुस्करला, एक गुठळी राहिली होती ती अंगठ्याने दाबली, वर तूप सोडलं आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली. हे सगळं करताना ती आईशी नारळाच्या भावाबद्दल बोलत होती. वाटीकडे तिने एकदाही बघितलं नाही. आतोबांनी तीन वाट्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या, गणपती गेले. आतोबा राहिले. कोल्हापुरातल्या दाताच्या डॉक्टरांनी माप घेतलं आणि आठ-दहा दिवस लागतील म्हणून सांगितलं. एवढ्या दिवसांसाठी डोंबिवलीला जाऊन परत यायचं म्हणजे त्रास, असं आतोबांनी पाटीवर लिहून दाखवलं. जुनी कवळी अजून खालीच आहे. कायद्याने ती आता संरक्षित हद्दीत मोडते. आणखी दोनशे वर्षांनी कुणीतरी गाळ उपसेल आणि शिवकालीन दंतवैद्यकावर प्रबंध लिहील.

तेवढ्यात आत्याच्या मुलाचा, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या भावाचा फोन आला. “बाबा तिकडेच आहेत ना? मग असं करतो, आम्ही चौघंही येतो, त्यांना घेऊनच परत जाऊ. नाहीतर दसऱ्यापर्यंतच थांबावं, काय? अंबाबाईचं दर्शन पण होईल.”

मी तोंड उघडलं, पण दम लागला होता. हिने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

“या की ओ भावजी,” ही म्हणाली, “इच्यारताय काय?”