किनारा सफाई: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

किनारा साफ करायला सगळ्यात आधी लागतो बॅनर. आठ बाय चारचा फ्लेक्स घ्यावा. वर साहेबांचा फोटो, खाली मंडळाचं नाव, मध्ये जागा उरलीच तर समुद्र. मग टी-शर्ट. प्रत्येक टी-शर्ट वेगळ्या पारदर्शक पिशवीत येतो. त्या पिशव्या वाळूवरच उघडाव्यात, म्हणजे उचलायला हाताशी काहीतरी राहतं. माणशी दोन पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटलीत इडली, चटणी गाठ मारलेल्या पिशवीत. इतकी तयारी झाली की किनाऱ्यावर आधी कचरा नसला तरी अडत नाही.

दिवस कोणता? सप्टेंबरातला तिसरा शनिवार हा आंतरराष्ट्रीय किनारा सफाई दिन. त्याची सुरुवात 1986 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर झाली. तिथल्या लोकांनी कचरा नुसता उचलला नाही, काय काय सापडलं त्याची यादीही केली. आपल्याकडे यादी होते ती पाहुण्यांची.

वेळ मात्र पाहुण्यांना विचारून ठरवू नका, तिथीला विचारा. मुंबई-कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा रविवार धरलात तर सकाळी लवकर लांबवर वाळू उघडी मिळेल. अष्टमीचा धरलात तर सहाला भरती असेल, आणि भाषण लांबलं नाही तर पाहुण्यांचे बूट भिजतील.

आता साधनं. हातमोजे जाड रबरी हवेत, कारण वाळूत काचा असतात आणि इंजेक्शनच्या सुयाही. पायात बंद बूट. कचऱ्यासाठी नव्या काळ्या पिशव्या विकत आणू नका, जुनं गोणपाट चालतं. पावसाळ्यात डांबराचे गोळे वाहून येतात. ते तळव्याला चिकटले तर खोबरेल तेल चोळा, साबणाने काही होत नाही.

प्रत्यक्ष कामात पहिला धडा: दिसतं ते टोक ओढू नये. वाळूतून पिशवीचा निळा कोपरा डोकावत असतो. तुम्ही ओढता, पिशवीमागून साडीचा तुकडा येतो, साडीला नायलॉनचं जाळं गुंतलेलं, जाळ्यात अर्धी चटई. खाली बसावं, हाताने वाळू बाजूला करावी, सुटेल तेवढं सोडवावं. मोठं जाळं असेल तर कोळीवाड्यातल्या कुणाला तरी हाक मारा. ते कुठे कापायचं हे त्यांना कळतं.

सापडणाऱ्या वस्तूंचा अभ्यास करण्यासारखा आहे. चप्पल नेहमी एकच सापडते, दुसरी बहुधा शेजारच्या तालुक्यात लागते. निर्माल्य भक्तिभावाने पिशवीत बांधून, पिशवीसकट अर्पण केलेलं असतं. देवाने गाठ सोडवून घ्यावी अशी अपेक्षा दिसते. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे सॅशे, गोळ्यांची रिकामी पाकिटं. कान साफ करायच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे आणि राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर 2018 पासून. ही बातमी वाळूपर्यंत पोचायची आहे. आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी वस्तू म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा त्रिकोण, उचलायला बाटलीइतकंच वाकावं लागतं, आणि गोणीत मात्र दिसतही नाही. म्हणून छायाचित्रासाठी बाटल्याच उचलाव्यात.

वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल उपटू नका. तीही कचरा समजून उपटणारे उत्साही लोक असतात. वाळू धरून ठेवायचं काम ती करते. शंख-शिंपलेही राहू द्यात.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड प्रश्न फोटो काढून झाल्यावर येतो: भरलेल्या गोणी कुठे जाणार? बाटल्या भंगारवाला घेतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला कुणी हात लावत नाही, कारण त्यात निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणं परवडत नाही. गाडीची व्यवस्था आधी केली नसेल, तर तुमचा ढीग भरतीच्या रेषेजवळ पडून राहतो आणि उधाणाला समुद्र पुन्हा घेऊन जातो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये एका वृद्ध शेजाऱ्याला घेऊन सफाई सुरू केली. 2016 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला, आणि तरी नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांना काम काही काळ थांबवावं लागलं. कारणं दोन: स्वयंसेवकांना होणारी दमदाटी आणि गोळा केलेला कचरा उचलला न जाणं. काम पुन्हा सुरू झालं, आणि मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. वर्तमानपत्रांनी कासवं छापली, जे बरोबरच होतं. पण मला विचाराल तर नवशिक्याने गाडीची गोष्ट आधी वाचावी.

दुसरा रविवार हा खरा परीक्षेचा. तुम्ही साफ केलेला पट्टा पुन्हा भरलेला असतो. चिडू नका, कुणी मुद्दाम केलेलं नाही. मुंबईचे नाले आणि मिठी नदी रात्रंदिवस वाहतात, खाडी ते सगळं बाहेर काढते, आणि पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा ते परत आपल्या दारात आणून टाकतो. वाळूवर तुम्हाला दिसतो तो या प्रवासाचा शेवटचा थांबा. म्हणून दुसऱ्या रविवारी जे येतात तेच पुढे नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवा म्हणून वॉर्ड ऑफिसात खेटे घालतात. त्या कामाला टी-शर्ट मिळत नाही आणि फोटोही चांगला येत नाही.

तेवढं जमत नसेल तर उद्या सकाळी दुधाची पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापू नका. चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकू द्या.