महाविद्यालयीन वृत्तलेखन : नवोदित प्रसिद्धीप्रमुखांस काही सूचना

तालुक्याच्या गावी, कला आणि वाणिज्य अशा दोनच शाखांच्या, एका अंगाला पंचायत समितीचे आवार व दुसऱ्या अंगाला संस्थेचीच माध्यमिक शाळा असलेल्या महाविद्यालयात जो कोणी मराठीचा प्राध्यापक म्हणून रुजू होतो, त्यास पहिल्या पंधरवड्यातच प्राचार्यांच्या दालनात पाचारण करून प्रसिद्धी समितीचे प्रमुखपद बहाल करण्यात येते. इतर समित्यांच्या वाटपात सेवाज्येष्ठता, अनुभव, पदाधिकाऱ्यांशी असलेला घरोबा इत्यादी बाबी साकल्याने विचारात घेतल्या जातात. ही एक समिती मात्र ‘तुमचं मराठी चांगलं आहे’ एवढ्या आरोपावरून गळ्यात पडते. भूगोलाच्या प्राध्यापकास कोणी गावाची मोजणी करून द्या म्हणत नाही, वाणिज्याच्या प्राध्यापकास तर संस्थेचे हिशेब चुकूनही कोणी दाखवीत नाही. पण मराठीवाल्याने बातमी द्यावी, निमंत्रणपत्रिका लिहावी, फळ्यावर सुविचार लिहावा, सेवानिवृत्तांची मानपत्रे रचावीत आणि वेळ उरल्यास मराठी शिकवावे, असा रिवाज आहे. तो मोडण्याची आकांक्षा धरू नये. या खात्यात केस पिकवलेल्या प्रस्तुत लेखकाने पुढील सूचना नवोदितांच्या हितार्थ, आणि थोड्याफार स्वतःच्या पोटातील मळमळ बाहेर पडावी म्हणूनही, लिहून काढल्या आहेत.

वृत्त हे कार्यक्रम झाल्यावर लिहावयाचे असते, हा गैरसमज सर्वप्रथम मनातून काढून टाकावा. महाविद्यालयाचे वर्ष दिनविशेषांनी असे काटेकोर बांधलेले आहे की जुलैत एका बैठकीस बसले असता पुढील फेब्रुवारीपर्यंतची वृत्ते हातावेगळी होतात. 12 ऑगस्टला रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन. 5 सप्टेंबरला शिक्षक दिन. 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. 24 सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन, योजना 1969 सालची. 15 ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या नावाचा वाचन प्रेरणा दिन; 26 नोव्हेंबरला संविधान दिन; 22 डिसेंबरला रामानुजन यांच्या जयंतीचा गणित दिन, मग महाविद्यालयात गणित हा विषय असो वा नसो. जानेवारी हा तर ऐन सुगीचा महिना. 3 तारखेला सावित्रीबाई, 12 तारखेला जिजाऊ आणि विवेकानंद, 14 तारखेला प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या जयंतीचा भूगोल दिन, बहुधा त्याच दिवशी संक्रांत, आणि त्याच दिवसापासून मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा! अशा वेळी गोंधळून न जाता 12 जानेवारीस दोन्ही प्रतिमा एकाच मेजावर मांडाव्यात, हार दोन आणावेत व छायाचित्रे दोन निरनिराळ्या कोनांतून घ्यावीत, म्हणजे तासाभरात दोन वृत्तांचा ऐवज जमा होतो. 27 फेब्रुवारीस कुसुमाग्रजांच्या जयंतीसाठी बांधलेले झेंडूचे तोरण दुसऱ्या दिवशी विज्ञान दिनापर्यंत तग धरते. तिसऱ्या दिवशी मात्र धरत नाही.

आगाऊ लिहिलेल्या वृत्तात प्रमुख पाहुण्यांच्या नावाची जागा तेवढी कोरी सोडावी. कारण निमंत्रित पाहुणा ऐनवेळी जिल्ह्याच्या बैठकीत अडकतो, त्याच्या जागी बोलावलेले गटविकास अधिकारी दौऱ्यावर निघालेले असतात, आणि सभागृहात तर विद्यार्थी आणून बसवलेले असतात. अशा आणीबाणीसाठी प्रत्येक गावात एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक असतात. ते सदैव इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात असतात, निरोप गेल्यापासून वीस मिनिटांत सायकलवरून येऊन पोचतात, आणि पर्यावरण, लोकसंख्या, मतदार जागृती, ओझोनचा थर यांपैकी कोणत्याही विषयावर तुकोबांच्या अभंगाने आरंभ करून बरोबर पस्तीसाव्या मिनिटास थांबतात. त्यांचा परिचय एकदाच टंकलिखित करून खणात ठेवावा. मानधनाचे पाकीट ते घेत नाहीत. घरी पोचवण्याचा प्रयत्न केल्यास रागावतात. अध्यापक म्हणून जे शिकायचे ते या गृहस्थांकडून शिकावे असे कधी कधी वाटून जाते, पण तो या मार्गदर्शिकेचा विषय नव्हे.

छायाचित्राविषयी. बंगळूर येथे 1994 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, जिला कॉलेजात शिपाईमामांपासून प्राचार्यांपर्यंत सारे ‘नॅक’ म्हणतात, महाविद्यालये मोजण्याचे सात निकष ठरवून दिले, तेव्हापासून कार्यक्रम होणे पुरेसे राहिलेले नाही. तो झाल्याचा पुरावा हवा. म्हणून पाहुण्यांच्या मागे फ्लेक्स हवा, फ्लेक्सवर तारीख हवी, छायाचित्राच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत, आणि हे सारे साधताना एखाद्या पदाधिकाऱ्याच्या मस्तकाने तारखेवर आक्रमण करता कामा नये. समई पेटवण्याआधी पंखे बंद करण्यास मामांस सांगावे व छायाचित्र निघाल्यावर ते पुन्हा सुरू करण्यासही सांगावे. दुसरी सूचना विसरली जाते आणि मे महिन्याच्या कार्यशाळेत प्रमुख वक्ते घामाघूम होऊन समारोपाची भाषा बोलू लागतात. उपस्थिती विरळ असल्यास अकरावीचे वर्ग आणावेत व छायाचित्र बाजूने, तिसऱ्या रांगेच्या उंचीवरून घ्यावे. मागच्या बाकांवरील मंडळींस शिक्षा म्हणून पहिल्या रांगेत बसवू नये. जांभई स्पष्ट येते.

आता वृत्ताच्या मुख्य मजकुराकडे वळू. त्याचा साचा पूर्वापार ठरलेला आहे: प्रथम अध्यक्षस्थानी कोण होते, मग प्रमुख पाहुणे कोण होते, मग व्यासपीठावर कोण कोण विराजमान होते, मग दीपप्रज्वलन व प्रतिमापूजन, मग पाहुण्यांच्या भाषणातील एक वाक्य, मग अध्यक्षीय समारोपातील एक वाक्य, मग प्रास्ताविक, परिचय, सूत्रसंचालन व आभार यांचे मानकरी, आणि सर्वांत शेवटी, ‘कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी अमुक अमुक यांनी परिश्रम घेतले.’ पाहुण्यांचे ते एक वाक्य भाषण ऐकून लिहिण्याची आवश्यकता नाही. ‘विद्यार्थ्यांनी ध्येय निश्चित करून जिद्दीने वाटचाल करावी’ हे विधान आजवर कोणत्याही पाहुण्याने आपले नव्हे म्हणून नाकारलेले नाही.

परंतु हा साचा वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचल्यावर त्याचे काय होते, हे जाणून घेतल्यावाचून कोणी प्रसिद्धीप्रमुख म्हणवून घेऊ नये. जिल्हा पानावर जागा ठरलेली असते. रात्री आठच्या सुमारास एखादी दशक्रियेची किंवा भूखंडविक्रीची जाहिरात येऊन बसते. उपसंपादकासमोर मजकूर जास्त आणि जागा कमी अशी स्थिती उद्भवते, आणि तो तळापासून कापीत वर येतो. यात त्याचा दुष्टावा नाही. महत्त्वाचे वर व बिनमहत्त्वाचे खाली, असे गृहीत धरून वृत्त लिहिलेले असते, हे त्याला शिकवलेले असते. परिणामी ज्यांनी खुर्चीवर बसून हार स्वीकारले ते शाबूत राहतात आणि ज्यांनी खुर्च्या मांडल्या ते प्रथम गळतात. कात्री आणखी थोडी वर सरकली तर आभार जातात, मग सूत्रसंचालन जाते. अध्यक्षांस आजवर कात्री लागलेली नाही.

त्या शेवटच्या वाक्यात कोण असते? तासिका तत्त्वावर असलेल्या हिंदीच्या मॅडम असतात, ज्यांनी सूत्रसंचालन लिहूनही काढले आणि रांगोळीही काढली. तासिका तत्त्वावरचेच इतिहासाचे सर असतात, ज्यांनी फ्लेक्सचा मजकूर तपासून आणला, पाहुण्यांस एसटी स्थानकावरून आपल्या मोटारसायकलवर बसवून आणले, आणि पेट्रोलचे पैसे मागितले नाहीत. ‘कमवा व शिका’ योजनेतील मुले असतात, ज्यांनी पहाटे आवार झाडले. तासाला अमुक रुपये या हिशेबाने राबणाऱ्या आणि ते रुपयेही महिनोन्‌महिने उशिरा पाहणाऱ्या माणसाला कार्यक्रमाच्या दिवशी तास बुडाला म्हणून त्या दिवसाचे मानधनच मिळत नाही, ही गोष्ट मानभावी भाषेत कशी लिहावी ते प्रस्तुत लेखकास अद्याप जमलेले नाही. तेव्हा सरळ सांगतो, याचा संताप येतो. पर्मनंट मंडळी पहिल्या रांगेत बसून चहाची वाट पाहत असतात. असो.

येथे प्रसिद्धीप्रमुखाचे खरे कसब लागते. ती नावे तळाशी ठेवूच नयेत. ‘प्रा. अमुक यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी साकारलेल्या रांगोळीने लक्ष वेधून घेतलेल्या या कार्यक्रमात प्राचार्यांनी असे प्रतिपादन केले की…’ असे एकच दीर्घ वाक्य पहिल्या परिच्छेदात घालावे. रांगोळी आणि प्राचार्य व्याकरणाने एकमेकांत असे गुंतवून ठेवावेत की एकाला काढले तर दुसऱ्याचे वाक्य लंगडे होईल; अशा वाक्याला उपसंपादक हात लावीत नाही, कारण ते पुन्हा लिहावे लागेल आणि त्याला घरी जायचे असते. लहान वाक्ये लिहावीत असा उपदेश करणाऱ्यांनी हा प्रसंग कधी पाहिलेला नसतो. दुसरा मार्ग छायाचित्राखालच्या ओळीचा. मजकूर कापला जातो, पण छायाचित्रातील माणसांची ‘डावीकडून’ म्हणून दिलेली नावे सहसा कापली जात नाहीत, कारण मधलेच एक डोके निनावी ठेवणे विचित्र दिसते. म्हणून छायाचित्र काढताना हिंदीच्या मॅडमना ‘जरा पाहुण्यांना रोप द्यायला मदत करा’ म्हणून अध्यक्ष आणि पाहुणे यांच्या मधोमध बोलावून घ्यावे. कडेला उभे करू नये. कडा छाटता येते.

नावांच्या लेखनाबाबत कोणतीही हयगय क्षम्य नाही. पाहुण्यांचे विचार चुकीचे छापले गेले तर कोणाच्या लक्षात येत नाही. आडनावातील ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दूरध्वनी येतो. विद्यार्थ्यांची नावे हजेरीपत्रकावरून घ्यावीत, मित्रांच्या तोंडून घेऊ नयेत, कारण मित्रांस ‘बंड्या’ एवढेच ठाऊक असते.

वार्ताहराशी संबंध गोडीचे असावेत. तो बहुधा दिवसा खतविक्रीचे दुकान, विमा किंवा झेरॉक्स सांभाळून वार्ताहर असतो, व त्यालाही कोणी धड मानधन देत नाही, या एकाच धाग्याने तो आपल्या तासिकावाल्यांचा सख्खा भाऊबंद आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली ‘दर्पण’ सुरू केले म्हणून 6 जानेवारीस महाराष्ट्रात पत्रकार दिन पाळतात. त्या दिवशी तालुक्यातील समस्त वार्ताहरांस बोलावून शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देऊन सत्कार करावा, आणि बाळशास्त्री स्वतः एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करीत असत, सबब वृत्तपत्र आणि महाविद्यालय ही मराठीत एकाच घरची लेकरे आहेत, असे प्रास्ताविकात आवर्जून सांगावे. विधान प्रभावी आहे आणि वर्षभर उपयोगी पडते. सत्काराचे वृत्त मात्र वार्ताहरांस लिहावयास सांगू नये. स्वतःविषयी लिहिताना ते संकोचतात आणि तळापासून कापतात.

वृत्त दुपारी चारच्या आत धाडावे. व्हॉट्सॲपवर धाडावे, पण टंक एकदा तपासून. ‘मान्यवर’चे ‘मन्यवर’ झालेले कोणी सुधारत नाही.

वार्षिक स्नेहसंमेलनाचे वृत्त शेलापागोट्यांचा उल्लेख न करता लिहावे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराचे वृत्त हा या शास्त्रातील सर्वांत अवघड भाग होय. सात दिवसांचे शिबीर, दत्तक गाव, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर घातलेला वनराई बंधारा, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य: एवढे दोनशे शब्दांत सहज बसते. जे बसत नाही ते असे, की घरातून एक रात्रही बाहेर न राहिलेल्या मुली देवळाच्या सभामंडपात सतरंज्या घालून राहिलेल्या असतात. की पहिल्या दिवशी भाकरी थापायला घेतलेल्या वाणिज्य शाखेच्या मुलाला गावातील एक आजी ‘सरक बाबा, पीठ वाया घालवतोस’ म्हणून बाजूला सारते आणि पाचव्या दिवशी त्याच्याच भाकरीला तव्यावर पदर सुटतो. की समारोपाच्या दिवशी गावचे सरपंच भाषण करायला उठतात आणि ‘पोरांनी लई काम केलं’ एवढेच बोलून खाली बसतात. ते वाक्य पाहुण्यांचे म्हणून द्यावयास हरकत नव्हती, परंतु प्राचार्यांच्या मते ते वृत्ताच्या दर्जास शोभत नाही, म्हणून त्या जागी ध्येय आणि जिद्द यांची नेहमीप्रमाणे योजना करावी. भाकरीची हकिकत गाळावी. ती सातांपैकी कोणत्या निकषाखाली दाखवावी यावर समितीत एकमत होत नाही.

वृत्त छापून आले म्हणजे कात्रण कागदावर डकवून, वर तांबड्या शाईने दैनिकाचे नाव व तारीख घालून, बारनिशीत नोंद करून गुणवत्ता कक्षाच्या संचिकेत लावावे. परंतु अंक एकच घेऊन भागत नाही. सूत्रसंचालन केलेली मुलगी दहा वाजताच विचारावयास येते, ‘सर, पेपर एक्स्ट्रा आहे का, आईला दाखवायचा होता’. तिच्या मागे रांगोळीवाल्या दोघी उभ्या असतात. मग मामा येतात, कारण छायाचित्रात समईच्या मागे त्यांचा अर्धा खांदा आलेला असतो. म्हणून अशा दिवशी सकाळीच स्थानकावर जाऊन सातआठ अंक घेऊन ठेवावेत. हा खर्च किरकोळीत दाखवण्याची तरतूद आहे. मात्र लेखापालास पावती लागते, आणि स्थानकावरचा पेपरवाला पावती देत नाही.