मॅचिंगवर विश्वास नसलेले काका

पाटीवर 'मॅचिंग सेंटर' असलं, तरी काकांचा मॅचिंगवर काडीचा विश्वास नाही. पाटी वडिलांच्या वेळची, त्यामुळे ती उतरवता येत नाही, एवढंच.

बाई मोरपंखी साडी घेऊन येतात, मोरपंखी ब्लाउजपीस मागतात. काका साडी पसरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि शेंदरी तागा धप्पकन टाकतात.

"अहो, मी मोरपंखी म्हटलं."

"ऐकलं ताई. पण तिला शेजारचा नको, समोरचा हवा."

'समोरचा' म्हणजे काय, ते गल्ल्यावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलेलं आहे. पुठ्ठ्यावर रुबियाचे बारा तुकडे गोल चिकटवलेत. पिवळ्यासमोर जांभळा, लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी. शाळेत इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी घोटलेलं रंगचक्र बाकीचे लोक निकालाबरोबर विसरतात. काकांनी त्यावर धंदा थाटला.

पटलं नाही तर प्रयोग. "या लाल तुकड्याकडे वीस सेकंद बघा. नजर हलवू नका. आता माझ्या शर्टाकडे!" शर्टावर हिरवट-निळसर डाग तरंगतो. लाल बघून डोळे थकले की पांढऱ्यातला लाल त्यांना कमी जाणवतो, उरतो तो उलटा रंग. ऑपरेशनच्या डॉक्टरांचा झगा हिरवा असतो, त्यामागे हेही एक कारण. काका बारा महिने पांढराच शर्ट का घालतात, हे मला त्या दिवशी कळलं. एक आजी मात्र थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या.

एकदा इंजिनीअरिंगच्या एका मुलाने हरकत काढली. म्हणाला, टीव्हीच्या पडद्यावर पिवळ्यासमोर जांभळा नसतो, निळा असतो. मुलगा बरोबर होता. प्रकाशाचं चक्र वेगळं, रंगाच्या डबीचं वेगळं. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ब्लाउज काय टीव्हीचा शिवणार?"

काकांना ठाऊक नाही, पण त्यांचा एक पूर्वज पॅरिसमध्ये होऊन गेला. शव्रल हा रसायनशास्त्रज्ञ गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. विणकरांची तक्रार आली, काळा रंग फिका पडतो. त्याने तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांनी काळ्याची रया घालवली होती. त्यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड ग्रंथ छापला. काकांचा ग्रंथ तोंडी आहे, आणि गिऱ्हाइकाने 'फक्त फॉल द्या' म्हटलं तरी पहिल्या पानापासून सुरू होतो.

त्यातला एक अध्याय घरगुती आहे. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले तर दोन्ही उठून दिसतात. एकात एक कालवले की चिखल. "मी आणि धाकटा. आठ वर्षं एका गल्ल्यावर बसलो, चिखल! आता मधे भिंत घातली. बघा कसा खुललाय!" धाकट्याच्या दुकानात हव्या त्या रंगाचं हुबेहूब मॅचिंग मिळतं. गर्दीही तिथेच असते.

माझी बायको हट्टी. मोरपंखीवर मोरपंखीच, म्हणून अडून बसली. काकांनी सुस्कारा टाकला, तागा काढला, दारात नेऊन उजेडात रंग जुळवला. धाग्याचाही फरक नव्हता. ऐंशी सेंटिमीटर मोजलं, कात्री उचलली, आणि पोऱ्याच्या हातात दिली.

"तू काप रे."

आणि पाठ फिरवून लक्ष्मीची तसबीर पुसू लागले.