बैठकीची कैफियत

मनुष्यदेह घडविताना विधात्याने उंची, वजन आणि तंगड्यांची लांबी यांबाबत कोणतीही हमी दिलेली नाही, आणि मोटारसायकल घडविताना कारखानदाराने मात्र या तिन्ही बाबी परस्पर गृहीत धरलेल्या आहेत. लांब पल्ल्याच्या दुचाकीप्रवाशाची बहुतेक दुःखे या एका विसंगतीतून उद्भवतात. ज्या आदर्श पुरुषाच्या मापाने ही वाहने तयार होतात तो माझ्या परिचयाचा नाही. परंतु त्याचे पाय दीर्घ आहेत, देह भारदस्त आहे आणि पाठीच्या कण्याशी त्याचा फारसा संबंध नसावा, इतके अनुमान त्याच्यासाठी केलेल्या सीटवर बसून कोणासही काढता येईल.

माझा देह 5 फूट 4 इंच उंचीचा आणि 58 किलो वजनाचा. माझ्या मोटारसायकलीचे सीट जमिनीपासून 800 मिलिमीटरवर, पुढचे चाक 21 इंचांचे आणि पेट्रोलसह वजन 199 किलो. हे आकडे विक्रेत्याच्या मुखातून ऐकताना मोठे भूषणास्पद वाटतात. भर पावसात ताम्हिणी घाटाच्या उतारावर पुढची एसटी अवचित थांबते आणि 199 किलोंचा सारा कारभार डाव्या बुटाच्या चवड्यावर येऊन पडतो, तेव्हा त्यांचा खरा अर्थ कळतो.

रस्त्यांविषयी लिहू नये असे ठरविले होते, पण गतिरोधकांचा उल्लेख केल्यावाचून ही कैफियत पुरी होणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप नेमून दिलेले आहे: उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर आणि माथ्याची गोलाई 17 मीटर त्रिज्येची. असल्या विस्तीर्ण व विनयशील उंचवट्यावरून ताशी 25 किलोमीटर वेगाने गेले तर पोटातले पाणीही हलणार नाही. परंतु आमच्याकडचे गतिरोधक मानकानुसार होत नाहीत; एखादा अपघात झाला की गावकऱ्यांच्या संतापातून ते एका रात्रीत उभे राहतात, आणि संतापाला त्रिज्या नसते.

अशा स्थितीत सल्लागारांची वानवा कधीच नसते. कोणी जेलची उशी घ्या म्हणतो, कोणी हवा भरण्याची गादी सुचवितो, कोणी सीटवर मेंढीचे कातडे घाला म्हणतो. आमच्या इमारतीत राहणारे, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर शॉकअप हेच मुळी नव्या पिढीचे लाड आहेत अशा मताचे. इतिहासाचा कौल काही अंशी त्यांच्या बाजूने पडतो हे मान्य केले पाहिजे. कारण 1949 च्या रॉयल एनफील्ड बुलेटला मागे स्विंगआर्म आले त्या काळी बहुसंख्य मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला जखडलेले असे, आणि रस्ता व स्वार यांच्यामध्ये खुर्चीखालच्या दोन स्प्रिंगांखेरीज दुसरा कोणी मध्यस्थ नसे. त्या पिढीने तक्रार केली नाही ही गोष्ट खरी. तिला तक्रार करण्याइतका श्वास उरत असे किंवा कसे, याचा दाखला उपलब्ध नाही.

गॅरेजातील मिस्त्रीपाशी या सर्व व्याधींवर एकच प्रश्न असतो: "हार्ड करू का सॉफ्ट?" हा प्रश्न तो आकडीचा पाना हाती घेऊनच विचारतो, आणि आपण उत्तर देण्यापूर्वी शॉकअपच्या स्प्रिंगवरचे कडे दोन खाचा फिरलेले असते. वास्तविक मागचा शॉकअप म्हणजे भिन्न स्वभावाच्या दोन अंमलदारांची जोडी आहे. स्प्रिंगने भार पेलावयाचा. आतल्या तेलाने तिची उसळी आवरून चाक पुन्हा रस्त्याला लावावयाचे. तेल थकले की गाडी एका खड्ड्याची आठवण पुढच्या खड्ड्यापर्यंत काढीत राहते. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असली की प्रत्येक खडा आपले नाव-गाव सांगून जातो. दोघांविरुद्धच्या फिर्यादी कमरेच्या एकाच कचेरीत दाखल होत असल्यामुळे दोषी कोण, याचा निवाडा बसल्या जागी होत नाही.

त्यात ते कडे आवळण्याने स्प्रिंग 'हार्ड' होते हा तर एक सार्वत्रिक भ्रम आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवरून ठरतो, आणि पान्याच्या कोणत्याही फेऱ्याने तो तिळमात्र बदलत नाही. कडे आवळले की गाडीचा मागचा भाग उंच बसतो, ढिले केले की खाली बसतो, एवढेच. हे मी एकदा एका मिस्त्रीला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग साहेब, हार्ड ठेवू ना?"

या प्रश्नाचे खरे उत्तर टेप देतो. मागच्या चाकाला वरखाली होण्यास समजा 180 मिलिमीटर वाव आहे; तर गाडी आणि स्वार यांच्या एकत्रित भाराने त्यातील सुमारे एक तृतीयांश, म्हणजे 60 च्या आसपास, आधीच खर्ची पडला पाहिजे, कारण चाकाला उंचवट्यावर चढण्यास जशी जागा लागते तशी खड्ड्यात उतरण्यासही लागते. हे मोजमाप एकट्याने होत नाही. एकाने हेल्मेट, बूट व सामानसुमानासह दोन्ही पाय वर घेऊन बसावयाचे, दुसऱ्याने हँडल धरावयाचे, तिसऱ्याने मागच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावावयाचा आणि चौथ्याने आकडे टिपावयाचे, असे चार इसम यास लागतात.

रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये हा समारंभ पार पडला. टेपाचे काम निवृत्त उपअभियंत्यांनी आपणहून स्वीकारले. तत्त्वतः शॉकअपला विरोध असला तरी मोजणीला त्यांचा विरोध नव्हता. हँडल चिरंजीवांकडे होते, आणि वही सौभाग्यवतींकडे. मधल्या स्टँडवर मागचे चाक अधांतरी ठेवून पहिला आकडा घेतला, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून दुसरा. मग मी पूर्ण पोशाखात आरूढ झालो.

"हं, बसा आता," आसाशी डोळा लावून उपअभियंता म्हणाले.

"बसलोय काका."

"खरंच बसलात?"

"घरातसुद्धा असंच आहे," वहीतून मान वर न करता सौभाग्यवती म्हणाल्या. "हे बसलेत की उठलेत, कोणाला कळत नाही."

गाडी खाली दाबून हळूच वर येऊ दिली तर एक आकडा येतो, वर उचलून हळूच खाली सोडली तर दुसरा. सांध्यांतील घर्षणामुळे पडणारा हा फरक सरासरीने मिटवावा लागतो. उपअभियंत्यांनी तो मिटविला, शिवाय वहीत 'शेरा' असा एक रकाना स्वतंत्र आखून घेतला. निष्पन्न झाले ते असे की माझ्यासह साऱ्या भाराने गाडी अवघी 34 मिलिमीटर दबली होती, आणि कडे शेवटच्या खाचेपर्यंत ढिले केले तरी त्यात किरकोळ भर पडत होती. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले: 'स्वार अपुरा.'

स्वार बदलणे शक्य नसल्याने स्प्रिंग बदलली. नरम स्प्रिंगवर दबण्याचा आकडा 58 वर आला आणि मागची बाजू तेवढीच खाली बसली. परंतु मागच्या बाजूला दिलेली सवलत पुढच्या बाजूस नाकारता येत नाही. तशी नाकारली तर गाडीचे नाक वर राहते आणि हँडल मंद होते. म्हणून पुढच्या फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये 10 मिलिमीटर वर सरकविल्या. तेव्हा साइड स्टँडने आपली फिर्याद दाखल केली: तो आता गरजेपेक्षा लांब ठरून गाडी जवळजवळ सरळ उभी राही आणि वाऱ्याच्या झुळकीची वाट पाही. त्यालाही कापून, जोडून, डाग मारून आणला.

राहिले सीट. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या मागे, एका अरुंद बोळात, सीट कापणारा एक कारागीर आहे, आणि माझ्या मते या शहरातील मोजक्या शास्त्रज्ञांत त्याची गणना व्हावी. मी त्याला गादी शक्य तितकी मऊ करण्यास सांगितले. तो म्हणाला, "साहेब, मऊ सीट दुकानात बरं वाटतं. साताऱ्याला गेल्यावर कळतं." बुडाच्या दोन हाडांनी मऊ फोम तासाभरात तळाशी नेला की मनुष्य वस्तुतः पत्र्यावर बसलेला असतो, म्हणून खाली घट्ट फोम, वर पातळ मऊ थर, आणि बैठक मागे रुंद, असा त्याचा सिद्धांत. त्याने मला बसविले, दोन्ही हाडांच्या जागी खडूने फुल्या मारल्या, मांड्यांच्या कडेने रेघा ओढल्या, आणि लांब पात्याच्या सुरीने पुढच्या दोन्ही बाजू अशा उतरविल्या की पाय बाहेर न फाकता सरळ खाली यावेत. उंची त्याने अंगुळभरही कमी केली नाही, तरी माझी टाच जमिनीच्या दर्शनास गेली. रेक्झिन चढविताना त्याने एकच ताकीद दिली: शिवण बुडाखाली येता कामा नये, कारण पावसाचे पाणी तिथूनच फोममध्ये मुरते.

आता कायद्याचा प्रश्न. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल मी अक्षरशः वाचला आहे. मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सायलेन्सर काढून आळी जागी करणाऱ्यांवर या कलमाचा बडगा जितक्या लवकर उतरेल तितका बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. फोमची जाडी नोंदणीपुस्तकात लिहिलेली मात्र माझ्या पाहण्यात नाही, आणि स्वाराचे वजन त्यात लिहिण्याची प्रथा पडेपर्यंत मी निश्चिंत आहे.

कापले ते सीट मी वेगळे विकत घेतलेले होते. मूळ सीट आणि मूळ स्प्रिंग दोन्ही सुस्थितीत माझ्या माळ्यावर आहेत, आणि 80 किलोंच्या वर वजन असलेल्या गरजू वाचकास ती विनामूल्य मिळतील. येताना टेप आणावा; आमचा उपअभियंत्यांनी परत नेला आहे.