स्वारी कॅडिलॅकची

निवृत्त मनुष्याने परदेशस्थ आप्तांकडे जावे, दोन वेळा जेवावे, संध्याकाळी एक फेरी मारावी आणि मुदत भरताच स्वदेशी परतावे, हा जो सर्वमान्य शिरस्ता आहे, तो मोडण्याचा माझा काडीमात्र इरादा नव्हता. परंतु डल्लास येथे संगणकाच्या व्यवसायात स्थिरावलेल्या आमच्या भाचेसाहेबांना, न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की गावी एका वयोवृद्ध गृहस्थाकडे 1959 सालची कॅडिलॅक विक्रीस आहे अशी खबर लागली, आणि त्या घटकेपासून घरातील इतर सर्व विषय दप्तरी दाखल झाले. त्या मुलखात पाऊस बेताचा व हवा कोरडी, म्हणून पत्रा गंजत नाही आणि जुन्या मोटारीचा देह शाबूत राहतो, हे शास्त्र त्यांनी जेवताना आम्हांस विशद करून सांगितले. भाचेसुनेने एवढेच विचारले, "चालते का ती?"

"चालते. पण चालवत आणायची नाही."

"मग?"

"ट्रेलर भाड्याने घ्यायचा आणि आपल्या पिकअपमागे बांधून आणायची. मामा, तुम्ही येताय ना सोबतीला?"

चालती मोटार न चालवता साडेसहाशे मैल ओढत आणण्यामागील युक्तिवाद असा की, तिचे ब्रेक, टायर आणि रबरी नळ्या यांच्या वयाबद्दल दाट संशय होता, आणि महामार्गावर असले संशय फिटण्याची रीत फार जिवावरची असते.

या मोटारीची कुळकथा सांगितल्यावाचून पुढील हकीगत समजणार नाही. 1701 साली डेट्रॉइट वसवणाऱ्या एका फ्रेंच सरदाराचे नाव मिरवणाऱ्या या घराण्याने, लॉकहीडच्या दुहेरी शेपटीच्या लढाऊ विमानावर लुब्ध झालेल्या हार्ली अर्ल नामक कलावंताच्या देखरेखीखाली, 1948 साली मोटारीच्या पिछाडीस दोन लहानसे पंख फोडले. ते वाढत वाढत 1959 साली अशा उंचीस पोहोचले की त्यापुढे उड्डाणच करणे तेवढे बाकी होते. प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन तांबडे दिवे. लांबी 225 इंच, म्हणजे पावणेएकोणीस फूट. यंत्र 390 घनइंचांचे. वजन पाच हजार पौंडांच्या आतबाहेर. एवढ्या पसाऱ्यातून माणसे न्यायची ती सहा. उरलेली जागा प्रतिष्ठेकडे लावून दिलेली असावी.

ट्रेलर भाड्याने देणाऱ्या दुकानात मात्र माझे मन रमले, कारण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभी हयात काढलेल्या मनुष्यास चांगला करारनामा वाचावयास मिळणे हे एक परमसुख होय. गल्ल्यावरील तरुणाने प्रथम ओढणाऱ्या वाहनाचे, मग ओढल्या जाणाऱ्या वाहनाचे नाव, साल व जात विचारून ती यंत्रात भरली. यंत्राने बराच काळ विचार केला. तरुणाने आमच्याकडे पाहिले, आम्ही यंत्राकडे पाहिले, आणि अखेर कॅडिलॅकचे वजन ट्रेलरच्या मर्यादेत कसेबसे मावते असा निर्वाळा मिळाला. कलमे उत्तम होती. ताशी 55 मैलांपेक्षा अधिक वेग ठेवू नये. ओढल्या जाणाऱ्या मोटारीत कोणीही बसू नये. मोटारीचे तोंड पुढेच असावे. शेवटच्या कलमाचे कारण मला विशेष भावले. मोटारीच्या यंत्राचे ओझे ट्रेलरच्या चाकांच्या पुढे राहिले म्हणजे एकंदर भाराचा दहावा हिस्सा तरी पुढच्या गाडीच्या मानेवर पडतो आणि मागचे धूड सरळ चालते; ओझे मागे गेले की तेच धूड शेपटी हलवू लागते. साक्षीदार कोण, मुद्रांक किती, असे मी विचारले. तेव्हा काचेवर बोटाने सही करावी, एवढेच पुरे आहे, असे उत्तर मिळाले. एवढ्या भारदस्त दस्तऐवजाचा शेवट असा बोटावारी व्हावा, याचे मला वाईट वाटले.

आल्बुकर्कीस मोटार ट्रेलरवर चढवण्याचा मान विक्रेत्या गृहस्थांनी स्वतःकडे घेतला. ते देहाने भरदार होते, आणि या गाडीला चुचकारावे कसे हे आपल्यावाचून कोणास ठाऊक नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. भाचेसाहेब पुढे उभे राहून दोन्ही हातांनी डावे-उजवे दाखवीत होते, आणि मी बाजूस उभा राहून पुस्तिकेतील सूचना क्रमवार मोठ्याने वाचीत होतो. यंत्र गुरगुरले, पुढची चाके उतरणीच्या फळ्यांवर चढली, मागचा लांबलचक बंपर जमिनीला घासून कर्र असा आवाज झाला, त्या आवाजाने तिन्ही पुरुषांच्या मुद्रा एकसमयावच्छेदेकरून वाकड्या झाल्या, आणि अखेर ते धूड ट्रेलरवर जाऊन स्थिर झाले. गृहस्थांनी समाधानाने चावी फिरवून यंत्र बंद केले व दार उघडले. दार चार बोटे उघडले आणि ट्रेलरच्या मडगार्डावर टेकून थांबले. दुसरीकडच्या दाराचीही तीच कथा. मग त्यांनी काच खाली करण्याचा बेत केला. परंतु त्या काळच्या ऐश्वर्यास अनुसरून या गाडीच्या काचा विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि बॅटरीने एवढ्या श्रमानंतर फक्त अर्धी काच मंजूर केली.

त्या अर्ध्या काचेतून एक सभ्य, भरदार, सत्तरी ओलांडलेला मनुष्य बाहेर येत असताना पाहणे हा प्रसंग शब्दांत सांगण्यासारखा नाही. प्रथम टोपी आली, मग मस्तक, मग एक हात. मध्यप्रदेशाशी काही काळ वाटाघाटी चालल्या. भाचेसाहेबांनी दोन्ही काखांत हात घालून ओढ घेतली. माझे वाचन अर्थातच चालू होते, आणि त्यांचा दुसरा पाय बाहेर पडण्यास व माझे त्या कलमाशी येण्यास एकच गाठ पडली, ज्यात असे नमूद होते की, दार उघडण्याच्या सोयीसाठी डाव्या बाजूचा मडगार्ड खटका ओढून खाली पाडता येतो.

"हे आधी नाही का वाचायचं, मामा?" भाचेसाहेब म्हणाले.

क्रम सोडून दस्तऐवज वाचणे मला या जन्मी तरी शक्य नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले.

पुढच्या चाकांना पट्टे आवळून, कपलर बॉलवर बसवून, त्याखालून साखळ्यांचा फुलीसारखा तिढा घालून आम्ही निघालो. गाव सोडताच तिहेरास खिंडीचा चढ लागतो. पाच हजारांवर फुटांवरून सात हजारांपर्यंत चढावयाचे, मागे गाडी व ट्रेलर मिळून सुमारे सात हजार पौंडांचा लबेदा; पिकअपची पिछाडी त्या भाराने दबून नाक वर झालेले, आणि दिव्यांचा झोत रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जात असल्याने ते संतापून आपले दिवे मिचकावीत होते. या ट्रेलरच्या ब्रेकची युक्ती कोणा विचारवंताची असावी. पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिला ढकलू पाहतो, आणि त्या ढकलण्याच्याच जोराने त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. म्हणजे अपराध आणि शासन यांत तारखा पडण्यास वावच नाही.

रस्त्यावर मला जो साक्षात्कार झाला तो असा की, पालखी निघाली असता भोयांकडे कोणी पाहत नाही. आमची मेहनत, आमचे पेट्रोल, आमच्या मानेस लागलेली रग. मुजरे मात्र सगळे मागच्या स्वारीला. आम्ही करारनाम्याबरहुकूम 55 मैलांनी चाललो होतो. इतर जग 75 ने चालले होते. परंतु ते मागून भरधाव येऊन आमच्या बरोबरीस पोहोचले की एकाएकी मंदावे, खिडकीतून एक हात बाहेर येई, अंगठा उभा राही, छायाचित्र घेतले जाई, आणि तेवढा वेळ त्यांच्या मागे अठरा चाकांचा एखादा मालट्रक भोंगा वाजवीत तिष्ठत राही. पेट्रोल पंपावर तर दरबारच भरे. 'माझ्या वडिलांकडे होती,' या एका वाक्याने प्रत्येक जबानीची सुरुवात होई, आणि ती गाडी पुढे कोणी विकली, का विकली, आईने तेव्हा काय म्हटले, येथपर्यंत ती चाले. एकाने आपल्या वडिलांचा रंग आठवताना आवंढा गिळला. म्हणजे वडिलांच्या गाडीचा रंग. या सर्व मंडळींपैकी पिकअपविषयी एकानेही चकार शब्द काढला नाही.

पंपाची निवड हा स्वतंत्र विषय आहे. जोडगाडी घेऊन शिरताना आत जाण्याचा मार्ग सर्वांस दिसतो. अभिमन्यूलाही तोच दिसला होता. पेट्रोलचा भाव न पाहता बाहेर पडण्याची वाट पाहून पंप निवडावा, हे तत्त्व भाचेसाहेबांनी एका ठिकाणी बर्फाच्या पेटाऱ्यासमोर अडकून, पाऊण तास मागे-पुढे करून आत्मसात केले. ट्रेलर मागे घेताना चक्र डावीकडे फिरवले की तो उजवीकडे जातो. त्यावर तोडगा असा की हात चक्राच्या तळाशी धरावा आणि ट्रेलरची शेपटी जिकडे न्यावयाची तिकडेच तो हलवावा. हा तोडगा खरा आहे. तो सांगण्यास मात्र त्या पाऊण तासात निरनिराळी माणसे आली, आणि प्रत्येकजण निघण्यापूर्वी कॅडिलॅकवरून एकदा हात फिरवून गेला.

टुकमकारी ओलांडून टेक्सासच्या सरहद्दीवर ग्लेनरिओ नावाचे ओसाड गाव लागते. ही मोटार नवी होती तेव्हा 66 क्रमांकाचा प्रसिद्ध रस्ता या गावातून जाई. मग महामार्ग बाजूने गेला, 1985 साली त्या रस्त्याचे नाव सरकारी दप्तरातूनही वगळले गेले, आणि गाव होते तेथेच संपले. येथून पुढे वारा सुरू झाला. टेक्सासच्या त्या उत्तर पट्ट्यात वाऱ्याला अडवण्यासारखे काहीच नसते, म्हणून आम्ही दिसताच त्याला आनंद झाला. एक मालट्रक ओलांडून गेला, त्याच्या झोताने आधी ढकलले, मग ओढले, आणि ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागला. अशा वेळी ब्रेक दाबू नये, चक्राशी झटापट करू नये, फक्त पेट्रोलवरचा पाय काढून स्वस्थ राहावे, असे पुस्तिकेत होते. काहीही न करता प्रकरण आपोआप निवळू देणे हे तंत्र मला कचेरीपासून अवगत होते, आणि मी ते भाचेसाहेबांना धीरगंभीर स्वरात सांगितले. प्रकरण निवळले.

अमारिलोच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या एका शेतात, 1949 ते 1963 या काळातल्या दहा कॅडिलॅक मोटारी नाकाने जमिनीत गाडून, पंख आकाशाकडे करून उभ्या केल्या आहेत. 1974 साली काही कलावंतांनी स्थानिक धनिक स्टॅन्ली मार्श यांच्या पैशाने हा उद्योग केला. पुढे 1997 साली गाव जवळ येऊ लागले म्हणून त्या सगळ्या उपटून आणखी दोन मैल पश्चिमेस पुन्हा गाडल्या. येणाराजाणारा फवाऱ्याचा डबा घेऊन त्यांवर मनास येईल ते रंगवितो, आणि रंगावर रंग चढून मूळ पत्र्याचा थांगपत्ता राहिलेला नाही. भाचेसाहेबांना आपल्या गाडीस तिच्या भावंडांचे दर्शन घडवावेसे वाटले, म्हणून आम्ही बाजूच्या रस्त्यावर थांबलो.

शेतातली रंगारी मंडळी एक एक करून आमच्याकडे वळली. गुडघाभर रंगलेला एक तरुण निळा डबा हातात घेऊन कुंपणापाशी आला आणि आदराने म्हणाला, "अकरावी का? खड्डा कुठं काढलाय?" ही खासगी मालमत्ता असून डल्लासला चालली आहे, असे भाचेसाहेब सांगत असतानाच एक लहान मुलगी, वय सहा-सात, आपला गुलाबी डबा खळखळ हलवीत मागच्या पंखाच्या दिशेने शांतपणे निघाली होती. भाचेसाहेब धावले. ट्रेलरवर चढून, दोन्ही हात पसरून ते त्या पंखास असे बिलगले की, मुलीने क्षणभर त्यांनाच रंगवावे की काय याचा विचार केला. तिच्या आईने तिला उचलून नेले. जाताना मुलगी रडत होती, आणि उपस्थितांची सहानुभूती उघड उघड तिच्या बाजूस होती.

अमारिलोत रात्र काढून चिल्ड्रेस, व्हर्नन, विचिटा फॉल्स अशी गावे मागे टाकीत आम्ही आलो, त्याविषयी सांगण्याजोगे काही नाही. रस्ता सरळ होता आणि मी झोपलो होतो. डल्लासला भाचेसून फूटपट्टी घेऊन दारात उभी होती. गराज 20 फूट खोल. त्यात पाणी तापवण्याच्या टाकीने कोपरा अडवलेला. तेव्हा टाकीची बाजू सोडून गाडी तिरपी घालावी लागली आणि भाचेसुनेची स्वतःची मोटार बेमुदत उन्हात गेली. तिने तक्रार केली नाही, फक्त इतकेच म्हणाली की, यापुढे कोथिंबीर आणावयाची झाल्यास ती कॅडिलॅकमधून येईल.

वसाहतीच्या नियमाप्रमाणे ट्रेलर रात्री दारात उभा करता येत नसल्याने तो त्याच संध्याकाळी परत करणे भाग होते. भरला ट्रेलर आरशात दिसतो. रिकामा दिसत नाही, आणि मागे घेताना नेमका तोच अधिक वेगाने वळतो. समोरच्या घराची टपालपेटी तिच्या खांबासकट आडवी झाली. त्या घरचे गृहस्थ दार उघडून बाहेर आले, त्यांनी पेटीकडे पाहिले, भाचेसाहेबांकडे पाहिले, आणि मी पंचनाम्यासाठी खिशातून कागद काढीत असताना ते पेटी ओलांडून, रस्ता ओलांडून, थेट आमच्या गराजपाशी येऊन उभे राहिले.

"एकोणसाठची ना?" ते म्हणाले. "माझ्या वडिलांकडे होती."

भाचेसाहेबांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. टपालपेटीचा विषय काढणे त्या दोघांसही अप्रशस्त वाटले असावे; ट्रेलरचे एका दिवसाचे जादा भाडे मात्र भरावे लागले.